कोरडवाहू गावातील शेतीविकास प्रकल्प : लाभ सर्वांत गरीब घरापर्यंत नेण्याची कार्यपद्धती

शेतीविकास प्रकल्पामुळे गावातील उत्पादन वाढते, हे महाराष्ट्रात आता नव्याने सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार आणि जालना जिल्ह्यातील कडवंची या गावांनी जेमतेम पावसातही शेती कशी उभी राहते ते दाखवून दिले आहे. मात्र उत्पादन वाढले म्हणजे गरिबी आपोआप हटली, असे होत नाही. पाणलोटाची कामे झाली की माथ्यावर अडवलेले पाणी पायथ्याकडे जिरते आणि पायथ्याच्या विहिरी भरतात. त्या विहिरी बहुधा अशांच्या असतात, ज्यांच्याकडे चांगली काळी जमीन, मोटार आणि पाइपलाइन आधीपासूनच आहे. माथ्यावरच्या मुरमाड तुकड्याचा मालक, दुसऱ्याच्या बांधावर शेळ्या चारणारी बाई आणि दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन साखर कारखान्याकडे निघणारे जोडपे यांच्या पदरात त्या पाण्यातले काय पडते, यावर प्रकल्पाचे यश जोखायला हवे.

हा लेख ग्रामपंचायतीचे पदाधिकारी, पाणलोट समितीचे सदस्य, बचत गटांच्या प्रमुख आणि स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते यांच्यासाठी आहे. वर्षाला ५०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडणारे, कालव्याचे पाणी नसलेले आणि विहिरींवर अवलंबून असलेले गाव येथे डोळ्यांसमोर ठेवले आहे. पुढील सर्व पायऱ्यांमागे एकच आग्रह आहे : पाणी, चारा आणि काम यांच्या वाटपाचा निर्णय ही साधने वाढण्यापूर्वी झाला पाहिजे. विहिरी कोरड्या असतात तेव्हा वाटपाच्या ठरावाला फारसा विरोध होत नाही, कारण कोणाचेच काही जाणार नसते. एकदा विहिरींना पाणी लागले आणि ऊस उभा राहिला, की तोच ठराव ग्रामसभेत मांडणेही अवघड होऊन बसते.

पहिली पायरी : गरीब घरे गावानेच ठरवावीत

दारिद्र्यरेषेची सरकारी यादी सोबत घ्यावी, पण तिच्यावर विसंबून राहू नये. त्या यादीत नाव असणे आणि खरोखर हलाखी असणे यांचा मेळ प्रत्येक गावात बसतोच असे नाही. त्याऐवजी वस्तीनिहाय बैठका घ्याव्यात. जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढून प्रत्येक घराची जागा दाखवावी, आणि वर्षातले जितके महिने घरात विकतचे धान्य आणावे लागते तितके चिंचोके त्या घरावर ठेवायला सांगावे. ही बैठक पुरुषांची वेगळी आणि बायकांची वेगळी घ्यावी. जमिनीच्या आकड्यावरून पुरुष ज्या घराला बरे म्हणतात, त्याच घरावर बायका आठ-नऊ चिंचोके ठेवतात, कारण त्या घरातली जमीन सावकाराकडे अडकलेली आहे किंवा कर्ता माणूस अंथरुणाला खिळलेला आहे, हे त्यांना ठाऊक असते. अशा वेळी दोन्ही नकाशे शेजारी ठेवून फरकाच्या घरांवर उघड चर्चा करावी.

यादी करताना किमान पाच प्रकारची घरे वेगळी नोंदवावीत : भूमिहीन मजूर, एक हेक्टरपेक्षा कमी कोरडवाहू जमीन असलेले अत्यल्प भूधारक, एकट्या बाईच्या कष्टावर चालणारी घरे, मुख्यतः शेळ्या-मेंढ्यांवर जगणारी घरे आणि हंगामी स्थलांतर करणारी घरे. शेवटच्या प्रकाराकडे विशेष लक्ष द्यावे. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाव सोडतात आणि हंगाम आटोपल्यावर मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. नेमक्या याच काळात प्रकल्पाच्या सभा होतात, अर्ज भरले जातात, लाभार्थी निवडले जातात. म्हणून मूळ सर्वेक्षण आणि निर्णयाची ग्रामसभा मे ते सप्टेंबर या दरम्यानच घ्यावी. वेळापत्रकातल्या एवढ्या एका बदलाने गावातील सर्वांत गरजू माणसे चर्चेत येतात.

जमिनीबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आली. वाटण्या होतात, पण सातबाऱ्यावर अनेकदा आजोबांचे किंवा सर्व भावांचे सामाईक नाव राहते. ज्याच्या नावावर स्वतंत्र उतारा नाही, तो प्रत्यक्षात कसत असूनही अनुदानाला अपात्र ठरतो. त्यामुळे तलाठी आणि मंडळ अधिकारी यांच्यासोबत वारस नोंदी व खातेफोड यांचे शिबिर गावात घेणे हे प्रकल्पाचे पहिले प्रत्यक्ष काम असावे. पतीच्या हयातीत पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची तरतूद राज्याने १९९२ मध्ये लक्ष्मी मुक्ती योजनेतून केली. तिचा अर्जही त्याच शिबिरात भरून घ्यावा. ठिबक संच, विहीर, पीककर्ज, विमा या सगळ्यांची वाट त्या एका कागदावरून जाते.

दुसरी पायरी : शिवारफेरी आणि पाण्याचा ताळेबंद

शिवारफेरी माथ्यापासून सुरू करावी आणि पायथ्याशी संपवावी. सोबत गटनंबरांचा नकाशा असावा. कोठे माती वाहून गेली आहे, कोणत्या ओघळीला बांध हवा, कोणती विहीर कोणत्या महिन्यात तळ गाठते, हे त्या त्या जमिनीच्या मालकाच्या तोंडून ऐकून नोंदवावे. बैठकीत गप्प राहणारा माणूस स्वतःच्या बांधावर उभा राहिला की मोकळेपणाने बोलतो.

यानंतर गावाचा पाण्याचा ताळेबंद करावा. हिवरे बाजारात दरवर्षी पावसाळा संपल्यावर पडलेल्या पावसाचा हिशेब मांडून रब्बीत कोणते पीक किती घ्यायचे ते ठरवले जाते. ही पद्धत कोणत्याही गावाला शिकता येते, कारण तिच्यात गुणाकार-भागाकारापलीकडे काही नाही. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १० घनमीटर, म्हणजे १० हजार लिटर पाणी होते.

समजा, गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर आहे, लोकसंख्या २,००० आहे आणि यंदा ५०० मिलिमीटर पाऊस झाला. गावावर एकूण ५० लाख घनमीटर पाणी पडले. यातले बरेचसे पाणी बाष्पीभवनात, खरिपाच्या पिकात, मातीच्या ओलाव्यात आणि नाल्यावाटे बाहेर जाते. विहिरी व बंधारे मिळून पाचवा हिस्सा हाती लागला असे धरले, तर १० लाख घनमीटर उरते. हा हिस्सा जमीन, खडक आणि झालेली कामे यांवर अवलंबून असतो, म्हणून तो भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या तालुक्यातील माहितीवरून ठरवावा. आता खर्चाची बाजू पाहू. माणशी दिवसाला ५५ लिटर धरले तर पिण्याच्या व घरगुती वापराला वर्षाला सुमारे ४० हजार घनमीटर लागते. ८०० मोठ्या जनावरांना प्रत्येकी ५० लिटर आणि १,००० शेळ्यांना प्रत्येकी ५ लिटर या हिशेबाने आणखी सुमारे साडेसोळा हजार घनमीटर जाते. हे पाणी सर्वांत आधी बाजूला काढावे. त्यानंतर पुढच्या वर्षी पाऊस ओढला तर हाताशी असावे म्हणून सुमारे पाचवा भाग राखून ठेवावा. शेतीसाठी उरले साधारण साडेसात लाख घनमीटर.

हा आकडा फळ्यावर लिहिला की खरी चर्चा सुरू होते. हरभरा किंवा रब्बी ज्वारीला हेक्टरी ३,००० घनमीटर धरले तर या पाण्यावर २५० हेक्टर भिजते. उसाला हेक्टरी २०,००० घनमीटर लागते असे धरले तर तेच पाणी ३७ हेक्टरांत संपते. गावात ४०० घरे असतील तर पहिल्या पद्धतीने जवळजवळ प्रत्येक घराला दीड एकर रब्बी पीक घेता येते. दुसऱ्या पद्धतीने वीस-पंचवीस घरे सधन होतात आणि उरलेल्यांना मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते. हा हिशेब कार्यकर्त्याने तोंडी सांगू नये. गावातल्याच दहावी-बारावीच्या मुला-मुलींकडून तो सर्वांसमोर करवून घ्यावा. आपल्याच लेकरांनी मांडलेला आकडा सहसा कोणी मोडीत काढत नाही.

तिसरी पायरी : वाटपाचा ठराव

या संपूर्ण कार्यपद्धतीत सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा, मग बांधबंदिस्ती एक हंगाम उशिरा सुरू झाली तरी चालेल.

पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी जे काम उभे केले, ते आजही या विषयातला सर्वांत स्पष्ट धडा आहे. पाणी पंचायत या नावाने ओळखल्या गेलेल्या या पद्धतीचे नियम थोडके होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात द्यायचे : माणशी अर्धा एकर भिजेल इतके आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनांनाही पाण्यात वाटा द्यायचा. उसासारखे पाणीखाऊ पीक घ्यायचे नाही. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जाणार नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः भरायचा. चंदीगडजवळील सुखोमाजरी या हरियाणातील गावातही बंधाऱ्याच्या पाण्यात भूमिहीनांसह प्रत्येक घराला समान वाटा देण्यात आला होता. टेकडीवर जनावरे न सोडण्याचे बंधन तेथील सर्वांनी पाळले ते याच वाट्यामुळे. ज्याला पाण्यात काही मिळत नाही, त्याने डोंगर राखावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, आणि ती अपेक्षा टिकतही नाही.

आजच्या गावात हे नियम जसेच्या तसे लागू करणे बहुधा शक्य होत नाही, कारण विहिरी खासगी आहेत आणि मोटारी आधीच बसलेल्या आहेत. तरीही ठरावात पुढील बाबी आणता येतात आणि आणल्याच पाहिजेत. प्रकल्पाच्या पैशातून ज्या विहिरींचे पुनर्भरण होईल किंवा ज्या विहिरींच्या वरच्या बाजूला बंधारा बांधला जाईल, त्या विहिरींच्या मालकांनी किमान दोन शेजारी कोरडवाहू शेतकऱ्यांना संरक्षित पाण्याच्या ठरावीक पाळ्या द्याव्यात. पाळ्यांची संख्या, महिना आणि विजेच्या खर्चाचा वाटा लेखी असावा. नव्या सिंचन विहिरी शक्यतो तीन-चार अत्यल्प भूधारकांच्या गटाला सामाईक द्याव्यात. शेतीसाठी नवीन बोअर घ्यायचे नाहीत, असे कलम असावे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमानेही शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंदी घातलेली आहे, त्यामुळे गावाच्या ठरावाला कायद्याचा आधार मिळतो. हिवरे बाजारने बोअरच्या पाण्यावर शेती न करण्याचा आणि ऊस-केळी न घेण्याचा निर्णय स्वतःहून घेतला व पाळला, ही त्या गावाच्या समृद्धीची खरी बैठक आहे.

शेततळ्यांबाबत वेगळे कलम हवे. पावसाचे वाहते पाणी साठवणारे शेततळे उपयुक्त आहे. पण प्लॅस्टिकचे अस्तर लावलेल्या तळ्यात विहिरीचे किंवा बोअरचे पाणी उपसून भरले, तर भूजल सर्वांच्या खालून एकाच्या तळ्यात जाते आणि उन्हाळ्यात त्यातले बरेचसे वाफ होऊन उडते. अनुदानावर बांधलेले तळे भूजलाने भरायचे नाही, हे ठरावात ठळक लिहावे.

भूमिहीनांच्या वाट्याचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. उत्तरे तीन आहेत. पहिले, त्यांच्या बचत गटाने पडीक तुकडा एका हंगामासाठी खंडाने घ्यावा आणि त्यावर गटाच्या वाट्याचे पाणी वापरावे. कसणाऱ्याला जमिनीवर हक्क देणाऱ्या कूळ कायद्याच्या धास्तीने मालक वर्षानुवर्षांचा करार करायला कचरतात, म्हणून करार एका हंगामाचा ठेवून तो ग्रामसभेसमोर करावा, म्हणजे मालकाची भीती जाते आणि गटालाही हमी मिळते. दुसरे, गावतलावातील मत्स्यपालनाचा हक्क भूमिहीनांच्या गटासाठी राखून ठेवावा. तिसरे, गायरानावरील गवत कापण्याचा पहिला हक्क त्यांना द्यावा. याविषयी पुढे अधिक लिहिले आहे.

ठरावावर सह्या घेताना सरपंच आणि उपसरपंच यांच्यासोबत पायथ्याकडील सर्व विहीरमालकांच्या सह्या घ्याव्यात. त्यांच्या सह्या नसतील तर काम सुरू करू नये. हे कठोर वाटेल, परंतु निधी संपल्यावर अशी सही मिळत नाही.

चौथी पायरी : कामांचा क्रम आणि मजुरी

काम माथा ते पायथा याच क्रमाने व्हावे. आधी डोंगरउतारावर सलग समतल चर आणि त्यांच्या भरावावर रोपे व गवत, मग ओघळींत अनगड दगडी बांध व गॅबियन (तारेच्या जाळीत बांधलेले दगडी बांध), त्यानंतर शेतांची बांधबंदिस्ती, आणि शेवटी नाल्यावर माती किंवा सिमेंटचे बंधारे. सिमेंटचा बंधारा दिसायला मोठा असतो आणि त्याचे उद्घाटन करता येते, म्हणून तो आधी बांधण्याचा आग्रह सर्वांकडून होतो. वरची माती थांबलेली नसताना तो बांधला की दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरतो.

हा क्रम गरिबांच्याही हिताचा आहे. माथ्यावरच्या हलक्या जमिनी बहुधा अत्यल्प भूधारकांच्या असतात आणि चर, दगडी बांध, बांधबंदिस्ती ही सर्व हाताने करण्याची कामे आहेत. जेसीबी लावला की काम आठवड्यात उरकते, पण त्यातला मजुरीचा पैसा गावाबाहेर जातो. यंत्र कोठे वापरायचे आणि कोठे नाही, याची यादी आधीच करावी. कठीण मुरूम आणि बंधाऱ्याचा पाया यांपुरते यंत्र, उरलेले सर्व काम हाताने, अशी विभागणी व्यवहार्य ठरते. १९७७ च्या रोजगार हमी कायद्यामागची महाराष्ट्राची मूळ कल्पनाही हीच होती, की दुष्काळात माणसाला काम मिळावे आणि त्या कामातून गावाची मत्ता उभी राहावी.

येथे हंगामाचे गणित महत्त्वाचे आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला गावात थांबवायचे असेल, तर कामाची हमी मुकादमाची उचल घेण्याच्या आधी, म्हणजे पावसाळ्यातच द्यावी लागते. नोव्हेंबरात काम सुरू करून ते थांबतील अशी आशा करणे व्यर्थ आहे, कारण उचल घेऊन खर्चही झालेली असते. जूनमध्ये नोंदणी, जुलै-ऑगस्टमध्ये कामांना मंजुरी, ऑक्टोबरात हजेरीपट सुरू, असा क्रम ग्रामरोजगार सेवकासोबत लेखी ठरवावा. रोजगार हमीची मजुरी हाती यायला वेळ लागत असेल, तर बचत गटाच्या निधीतून आठवड्याच्या बाजारापुरती रक्कम आगाऊ देण्याची सोय करावी. बाजाराच्या दिवशी हातात पैसा नसेल तर मजूर त्या कामावर टिकत नाही आणि त्यात त्याचा काहीही दोष नाही.

श्रमदानाबाबतही स्पष्टता हवी. श्रमदानाने गावाची एकी होते हे खरे, पण ज्याच्या घरची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याचा एक दिवस फुकट घेणे म्हणजे गरिबाकडून कर वसूल करणे होय, तोही अशा पाण्यासाठी जे दुसऱ्याच्या विहिरीत जाणार आहे. भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात गावाकडून श्रमदानाचा वाटा घेतला जात असे, मात्र भूमिहीन आणि एकट्या बायकांच्या घरांना त्यातून सूट होती. तीच पद्धत ठेवावी. ज्याच्या जमिनीला जितका लाभ, तितके त्याचे श्रमदान, हा निकष सर्वांना पटतो.

पाचवी पायरी : चराईबंदीचा भार शेळीवाल्यांवर टाकू नये

कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी यांशिवाय डोंगर हिरवा होत नाही. पण चराईबंदी जाहीर झाली की शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या घरांचे उत्पन्न त्याच दिवशी घटते, आणि गवताचा लाभ मात्र पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या वर्षी दिसतो. मधल्या काळात ही घरे शेळ्या पडत्या भावात विकतात आणि गाव सुधारत असताना ती आणखी गरीब होतात. हे टाळण्यासाठी गायरानाचे तीन किंवा चार भाग करावेत आणि दरवर्षी एकच भाग बंद करावा. बंद भागातले गवत विळ्याने कापून नेण्यास परवानगी असावी आणि पहिला हक्क पहिल्या पायरीतील यादीमधील घरांना असावा. बाहेरून ठरावीक काळात येणारे मेंढपाळ असतील, तर त्यांच्या वाटा आणि मुक्कामाच्या जागा बंद करू नयेत. त्यांच्या मेंढ्या शेतात बसवून मिळणारे खत अनेक शेतकऱ्यांना हवेच असते.

शेळीपालनाची मदत करताना स्थानिक जातच निवडावी. उस्मानाबादी शेळी मराठवाड्याच्या हवेला सोसणारी आहे आणि तिच्यात जुळी करडे होण्याचे प्रमाण चांगले आहे. एकदम दहा शेळ्या आणि एक बोकड असा मोठा गट भूमिहीन बाईला देणे बहुधा तिच्या आवाक्याबाहेरचे असते, कारण इतक्या जनावरांचा चारा तिने आणावा कोठून? दोन किंवा तीन शेळ्यांपासून सुरुवात करावी, आणि पहिल्या वेतातली एक पाट (मादी करडू) गटाला परत द्यावी म्हणजे ती पुढच्या घराला देता येते. शेळीच्या धंद्यातला खरा तोटा मरतुकीत असतो. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पीपीआर या साथीच्या रोगाची लस वेळेवर टोचली गेली, तर एखाद्या महागड्या गोठ्यापेक्षा अधिक लाभ होतो. त्यासाठी गावातल्याच एका बाईला पशुसखीचे प्रशिक्षण द्यावे आणि तिचा मोबदला प्रत्येक जनावरामागे ठरवून द्यावा.

सहावी पायरी : खर्च कमी करणारे पीकतंत्र आधी

गरीब शेतकऱ्याच्या दृष्टीने उत्पन्न वाढवण्याइतकेच उसनवारी कमी करणे महत्त्वाचे असते, कारण एक हंगाम फसला की त्याला सावकाराचे दार गाठावे लागते. म्हणून सुरुवात घरच्या बियाण्यापासून करावी. सोयाबीन स्वपरागसिंचित असल्याने सुधारित वाणाचे घरचे बी दोन-तीन वर्षे वापरता येते. पेरणीच्या पंधरा दिवस आधी उगवणशक्ती तपासावी. १०० दाणे ओल्या गोणपाटावर ओळीत ठेवून गुंडाळावेत, गोणपाट सावलीत ओलसर ठेवावे आणि सहा-सात दिवसांनी उगवलेले दाणे मोजावेत. ७० किंवा अधिक उगवले तर एकरी ३० किलोचे नेहमीचे प्रमाण ठेवावे. त्यापेक्षा थोडे कमी उगवले तर त्या मानाने बियाणे वाढवावे आणि फारच कमी असेल तर ते बी पेरू नये. सोयाबीनच्या दाण्याचे साल अतिशय पातळ असते, त्यामुळे बियाण्याची पोती उंचावरून टाकू नयेत आणि एकावर एक फार रचू नयेत. मळणीयंत्राचा वेगही कमी ठेवावा.

पेरणीची घाई टाळणे हे तितकेच मोठे काम आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल गेल्याशिवाय पेरू नये, कारण दुबार पेरणीचा खर्च लहान शेतकऱ्याला वर्षभर सावरू देत नाही. ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक बसवून रोजचा पाऊस फळ्यावर लिहिण्याची पद्धत यासाठीच उपयोगी पडते. सोयाबीन रुंद वरंबा सरी पद्धतीने घ्यावे आणि त्यात तुरीचे आंतरपीक ठेवावे. पावसाने ताण दिला तर तूर हात देते. रब्बीत हरभऱ्याला फांद्या फुटताना आणि घाटे भरताना मिळून दोन पाळ्या मिळाल्या तरी उत्पादनात ठळक फरक पडतो, आणि तिसऱ्या पायरीतील ठरावातून कोरडवाहू शेतकऱ्याला ज्या पाळ्या मिळवून द्यायच्या त्या याच होत.

डोंगराळ आदिवासी भागात चित्र वेगळे असते. तेथे बायफ या संस्थेने १९८० च्या दशकात गुजरातमधील वांसदा येथे विकसित केलेली वाडी पद्धत, म्हणजे सुमारे एक एकरात आंबा-काजूची कलमे आणि बांधावर सरपण व चाऱ्याची झाडे, पुढे पालघर जिल्ह्यातील जव्हारसारख्या भागांतही रुजली. फळे यायला चार-पाच वर्षे लागतात, म्हणून आंतरपिकाचे उत्पन्न पहिल्याच वर्षापासून हवे. त्या पट्ट्यात मोगऱ्याच्या लागवडीने अनेक कुटुंबांना गावातच रोजचा पैसा मिळवून दिला आहे.

सातवी पायरी : अनुदान आणि मधल्या काळातील पैसा

ठिबकासाठी अल्प व अत्यल्प भूधारकांना राज्यात एकूण ८० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकते. २०१८ मध्ये मराठवाडा-विदर्भातील सुमारे ५ हजार गावांत सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पानेही लहान शेतकऱ्यांना थेट खात्यावर अनुदान दिले. थेट खात्यावर पैसे जमा होण्याने मधली गळती थांबते, हे चांगलेच आहे. अडचण अशी, की शेतकऱ्याने आधी स्वतः खर्च करायचा आणि नंतर अनुदान यायचे. ज्याच्याकडे आधी गुंतवायला पन्नास हजार आहेत तो अर्ज करतो, ज्याच्याकडे नाहीत तो पात्र असूनही मागे राहतो.

यावर उपाय गावपातळीवर करता येतो. प्रकल्पाच्या निधीतून किंवा बचत गटांच्या संघातून एक फिरता निधी उभा करावा. शेतकऱ्याला पूर्वसंमती मिळाली की त्याच्या वतीने विक्रेत्याला या निधीतून पैसे द्यावेत आणि अनुदान जमा झाले की ते निधीत परत यावेत. याचे हमीपत्र आधी घ्यावे. पूर्वसंमतीच्या आधी कोणतीही खरेदी करू नये, अन्यथा अनुदान नाकारले जाते. निधीच्या वाटपात पहिला क्रमांक यादीतील सर्वांत गरीब पात्र घराचा असावा आणि थकबाकीची यादी दर महिन्याच्या बैठकीत वाचून दाखवावी. हा निधी बचत गटांच्या बायकांच्या हाती ठेवणे श्रेयस्कर, कारण नियमित वसुलीची सवय आणि हिशेबाची वही त्यांच्याकडे आधीपासून असते.

आठवी पायरी : विक्री

शेतकरी उत्पादक कंपनी दहा उत्पादकांना एकत्र येऊन स्थापन करता येते, पण नोंदणी झाली म्हणजे बाजार मिळाला असे नाही. पहिल्या दोन वर्षांत कंपनी काढण्याऐवजी गटाने एकत्र खते-बियाणे खरेदी करावीत आणि एकाच पिकाची एकत्र विक्री करून पाहावी. काढणीच्या वेळी भाव पडलेले असतात आणि गरीब शेतकऱ्याला देणी भागवण्यासाठी तेव्हाच माल विकावा लागतो. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन, तूर, हरभरा ठेवून मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. दोन-तीन पोत्यांच्या धन्याला एकट्याने गोदामापर्यंत जाणे परवडत नाही. चार-पाच घरांनी मिळून एक टेम्पो केला, की हाच पर्याय त्यांच्याही आवाक्यात येतो.

नववी पायरी : मोजमाप आणि प्रकल्पानंतरची व्यवस्था

किती मीटर चर खोदले आणि किती रोपे लावली, ही झालेल्या कामाची मोजणी आहे. गरिबी कमी झाली का हे पाहण्यासाठी वेगळे प्रश्न विचारावे लागतात. यंदा गावातून किती कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, गेले आणि गेल्या वर्षी किती गेले होते? यादीतील घरांनी किती महिने धान्य विकत आणले? त्या घरांत कोणी शेळी किंवा दागिना अडीअडचणीला विकला का? सावकाराचे देणे वाढले की घटले? माथ्यावरच्या शेतकऱ्यांना ठरलेल्या पाळ्या प्रत्यक्षात मिळाल्या का? ही माहिती पहिल्या पायरीतल्याच घरांकडून, त्याच बैठकीच्या पद्धतीने दरवर्षी घ्यावी. सोबत ऑक्टोबर आणि मे महिन्यांत ठरावीक विहिरींची पातळी मोजावी. यादीतील घरांची स्थिती न बदलता पायथ्याचे बागायत क्षेत्र तेवढे वाढत असेल, तर पुढच्या टप्प्याची कामे थांबवून ठरावाची अंमलबजावणी आधी करून घ्यावी.

प्रकल्पाची मुदत संपण्याच्या किमान एक वर्ष आधी दुरुस्ती निधी तयार असावा. बंधाऱ्यातील गाळ काढणे, फुटलेले बांध सांधणे आणि दरवाजे बसवणे यांचा खर्च पाण्याचा लाभ घेणाऱ्या विहीरमालकांनी भिजलेल्या क्षेत्राच्या प्रमाणात भरावा, आणि ते काम मजुरीने यादीतील घरांना द्यावे. निधीचे बँक खाते तीन जणांच्या सहीने चालवावे : ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी, माथ्यावरच्या शेतकऱ्यांमधून एक आणि बचत गटांमधून एक बाई. वाटपाच्या ठरावाची प्रत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्यावी आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याच्या ग्रामसभेत तो पहिल्यांदा वाचावा. पिकांचे नियोजन त्यानंतर करावे, आणि ही सभा कोयते गाव सोडण्याच्या आधी घ्यावी.